उणे एकोणतीस

घरातली लहानथोर मंडळी मला पुडीकाका म्हणतात. पुड्या बांधायचं दुकान माझं कधीच नव्हतं. मी त्या सोडतो. आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकडीत एकदा कावळीनं घरटं केलं आणि तिची पिल्लं जन्मभर तबकडी वळेल तिकडेच तोंड करून उडत राहिली, ही माझी. तबकडी पुसताना एक जण घसरून तिच्या बरोबर मधोमध जाऊन बसला आणि पुढे तीन दिवस त्याला बायकोचं सोडून फक्त शनीवरचं ऐकू येत होतं, हीसुद्धा माझीच. तो चौथ्या दिवशी परत तिथेच जाऊन बसला, हा भाग मी नंतर जोडला.

अशा गोष्टींचा एक नियम असतो. गोष्ट खोटी आहे हे ऐकणाऱ्याला कळलेलं असावं, आणि त्याला कळलंय हे सांगणाऱ्यालाही. मग कुणाचं काही बिघडत नाही.

हा नियम मी आयुष्यात एकदा मोडला. दोनच शब्द होते: "काही नाही." तिखट नाही, मीठ नाही, कावळी नाही. आणि नेमकं तेवढंच जगाला खरं वाटलं.

ज्यांना मी ते बोललो ते माझे साडू. त्यांची बायको थोरली, माझी धाकटी. म्हणून ते मला अरे-तुरे करतात आणि मी त्यांना साडूबुवा म्हणून अहो-जाहो करतो. ते डोंगरावरच्या दुर्बिणीवर होते, मी खाली मैदानात रेडिओच्या दोन तबकड्यांवर. त्यांना आकाशाचा उजेड दिसायचा, मला आकाशाची खरखर. सासूबाई म्हणायच्या, "एका जावयाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि घरातलं काम दोघांनाही दिसत नाही."

आता दोघेही निवृत्त. गेल्या महिन्यात साडूबुवांनी मला बोलावून एक जाड पाकीट हातात दिलं. डोंगरावरच्या वेधशाळेला पन्नास वर्षं होतायत, त्यानिमित्त एक पुस्तिका निघणार होती. साडूबुवांनी नोकरीत अकरा अतिनवतारे शोधले. अतिनवतारा म्हणजे सुपरनोव्हा, मरताना आपल्या अख्ख्या दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या गावाच्या, तोडीचा उजेड करणारा तारा. त्या अकराही ताऱ्यांवर एकेक टिपण त्यांनी लिहिलं होतं.

"मुद्रितं आहेत," ते म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घ तू बघ. माझं ते पहिल्यापासून कच्चं. परवा छापायला जाणार."

मी घरी येऊन लाल पेन घेऊन बसलो. साडूबुवांचा ऱ्हस्व-दीर्घाशी खरंच छत्तीसचा आकडा. पहिल्या टिपणात "मला वाटते"मधला 'ला' कुठेतरी पळाला होता, तो मी आणून बसवला. दुसऱ्यातही "मला वाटते" होतं. चौथ्यात दोनदा. सहाव्यात "मला फारच वाटते" असं होतं, ते मी हसत तसंच ठेवलं. मग सातवं टिपण आलं.

"सातवा. वर्णपटावरून मृत ताऱ्याभोवती दाट वायू असल्याचे मी कळवले होते. तो माझा भ्रम होता. रेडिओ निरीक्षणात काहीही आढळले नाही."

ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. मी पुढे गेलो. आठवा: ठिकाण, तारीख, तेज. नववा: ठिकाण, तारीख, तेज. दहावा, अकरावा, तसेच. मी पुन्हा वर जाऊन बोट ठेवून शोधलं. सातव्यानंतर "मला वाटते" कुठेच नव्हतं. मधल्या वीस-बावीस वर्षांत या माणसाला एकदाही काही वाटलं नव्हतं.

मी लाल पेनाला टोपण लावलं.

आता एकतीस वर्षं मागे चला.

शेजारच्या एका दीर्घिकेत साडूबुवांना नवा तारा सापडला. शेजार म्हणजे आपला भिंतीपलीकडचा नव्हे. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला दोन कोटी वर्षं. ही दीर्घिका तेव्हा सूर्यास्तानंतर पश्चिमेला जेमतेम टेकलेली असायची. साडूबुवांना संधिप्रकाशात मोजून पंचवीस मिनिटं मिळाली. तेवढ्यात त्यांनी त्या उजेडाचा वर्णपट काढला, म्हणजे उजेड फोडून त्याची रंगीत पट्टी, आणि तीत त्यांना दोन बारीक रेघा दिसल्या. त्यांचा अर्थ त्यांनी असा लावला की हा तारा फुटण्याआधी काही वर्षं अंगावरचा वायू बाहेर टाकत होता. "शेवटी शेवटी माणूस उसासे टाकतो ना, तसे," असं ते मला म्हणाले. स्फोटाची लाट त्या वायूवर आदळली की रेडिओ लहरी उठणार. उठल्या तर त्यांचं खरं.

पण दुसऱ्या दिवसापासून दीर्घिका सूर्याच्या उजेडात बुडाली. आता तीन महिने ती फक्त दिवसा आकाशात असणार. डोंगरावरची दुर्बीण दिवसा आंधळी. आमच्या तबकड्यांना मात्र दिवस काय नि रात्र काय, सारखंच. तेव्हा साडूबुवांचं खरं की खोटं, हे ठरवणारा जगात एकच माणूस होता, आणि तो त्या वेळी दोन इंजिनिअरांना कावळीची गोष्ट सांगत होता.

सकाळी अकराला फोन वाजला. लाइन खरखरत होती. आमच्या फोनच्या वर पाटी होती: "ऐका. लिहा. उलट वाचून दाखवा." आकाशातलं ठिकाण दोन आकड्यांनी सांगतात. त्यातला एक, आकाशाच्या विषुववृत्ताच्या किती वर की खाली. खाली असेल तर आधी "उणे" म्हणायचं. मी रिसीव्हर खांदा आणि कान यांच्या मध्ये धरला आणि लिहून घेतलं.

साडूबुवा म्हणाले, "उणे एकोणतीस."

मला ऐकू आलं, "...णे एकोणतीस."

आता आपल्या भाषेची गंमत बघा. एकोणतीस म्हणजे मुळात तिसाला एक उणा. उणेपण त्याच्या पोटातच बसलेलं. मला वाटलं, साडूबुवा शब्दाच्या तोंडाशी अडखळले आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाले. मी नुसतं एकोणतीस लिहिलं.

"उलट वाच," ते म्हणाले.

"लिहिलंय हो साडूबुवा. इथे पिल्लं उडायची थांबलीत माझ्यासाठी."

ते हसले आणि फोन ठेवला. मी पिल्लं उडवली. मग तबकड्या उणे एकोणतीसऐवजी अधिक एकोणतीसकडे वळवल्या, म्हणजे पाहुणा खालच्या मजल्यावर राहत असताना वरच्या मजल्याचं दार वाजवलं.

दोन तबकड्यांना मिळून आकाशात बारीकसा स्रोत सापडला की कागदाच्या गुंडाळीवर पेन लाटा काढतं. नाही सापडला की सरळ रेघ, थोडी थरथरती. दुपारभर सरळ रेघ आली. मी फोन केला.

"काही नाही."

"नीट बघितलंस?"

"साडूबुवा, काही नाही."

ते म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वेधशाळांना कळवून टाकलं की माझा दावा मागे.

इथपर्यंत ती चूक होती. चुकीला औषध असतं.

रविवारी सासूबाईंकडे जेवायला जमलो. साडूबुवांचं तोंड उतरलेलं. मला वाटलं, माणसाला हसवावं. मी सगळ्यांना सांगितलं, "अहो, तो तारा नव्हताच, जावई होता. सासरी मेला. उसासा टाकायची परवानगी मागितली, तर सासू म्हणाली, आधी ताट घास." सासूबाई हसता हसता ठसका लागून उठल्या. माझी मेव्हणी डोळे पुसत होती. साडूबुवासुद्धा हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मंगळवारी टपालानं त्यांचं कार्ड आलं. फोनवर सांगितलेलं ते नेहमी कार्डावर लिहून पाठवायचे. ते कार्ड निघालं होतं फोनच्या दिवशीच. टपालच आमचं गोगलगाईचं. आकडे मोत्यासारखे. एकोणतीसच्या आधी उण्याची आडवी रेघ, पट्टीनं मारलेली, आणि तिच्याभोवती गोल.

मी कार्ड खिशात घातलं. माझी रेघ मला दिसली. म्हणजे जी नव्हती ती.

बुधवारी दीड वाजता तबकड्यांना वंगण घालायची वेळ होती. मी सगळ्यांना म्हटलं, आधी जेवून या, वंगण कुठे पळत नाही. खोलीत एकटा राहिलो. यंत्रावर उण्याची खूण लावली. बाहेर त्या दोघी कुरकुरत खाली वाकल्या, पार दक्षिणेकडे, खाली पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारख्या. मी कागद चालू केला.

पेन थोडा वेळ सरळ चाललं. मग उजवीकडे गेलं, सावकाश डावीकडे आलं, पुन्हा उजवीकडे. मोठ्या, सारख्या, शांत लाटा. उसासे. मी यंत्र बंद करून चालू केलं. लाटा. तबकड्या बाजूला नेल्या, सरळ रेघ. परत आणल्या, लाटा.

दोन कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या ताऱ्याचा शेवटचा श्वास जगात मी एकट्यानं बघितला. जन्मभर न घडलेलं सांगत आलो. हे एकच घडलं होतं आणि नेमकं हेच सांगता येईना.

"काय चाललंय?" इंजिनिअर परत आले.

"वंगणाच्या आधीची तपासणी," मी म्हटलं.

कागद फाडून घेतला. सवयीनं मागे तारीख, वेळ, आकडे लिहिले, उण्यासकट. कोपऱ्यात शटलकॉकचं रिकामं नळकांडं पडलं होतं, त्यात गुंडाळी घातली.

संध्याकाळी साडूबुवांकडे फोन केला. मेव्हणीनं उचलला, तीच हसत. "अहो, तुमची ती जावई-ताऱ्याची गोष्ट मी शेजारी सांगितली. ती बाई पोट धरून बसली. ह्यांना बोलावू?"

"नको," मी म्हटलं. "सहज केला होता."

उद्या सांगू म्हटलं. उद्याचे आठ दिवस झाले, आठ दिवसांचे तीन महिने. तीन महिन्यांनी दीर्घिका सूर्याच्या पलीकडून बाहेर आली तेव्हा तारा विझला होता. गोष्ट मात्र विझेना. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कुणीतरी म्हणायचंच, पुडीकाका, ती उसाशाची सांगा. मी सांगायचो. साडूबुवा समोर बसलेले असायचे आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायचे. एकतीस वर्षं मी त्यांच्याच तेराव्याला त्यांना लाडू वाढत होतो.

तर, मुद्रितं घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. काखेत नळकांडं. ते खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर भिंग. मेव्हणी आत चहा करत होती.

"झालं तपासून?"

"सातव्यात चूक आहे."

"ऱ्हस्व की दीर्घ?"

"दीर्घ," मी म्हटलं. "एकतीस वर्षं."

मग सांगितलं. फोन, कावळी, "...णे एकोणतीस", कार्ड, बुधवारची दुपार, सगळं. सांगताना माझ्या लक्षात आलं की माझा आवाज आपोआप चढतोय उतरतोय, योग्य जागी थांबतोय. सवय मेली तरी जात नाही. साडूबुवा डोळे मिटून ऐकत होते.

"चांगली आहे," ते म्हणाले. "एकोणतीसच्या पोटातलं उणं, हे तर फारच छान. पण पेन उसासे टाकतं, हे जरा जास्त होतंय. ते काढ."

"साडूबुवा, ही पुडी नाही."

"तू प्रत्येक वेळी हेच म्हणतोस. शनीच्या वेळी शपथसुद्धा घेतली होतीस."

मी नळकांडं उघडून गुंडाळी बाहेर काढली. कागद पिवळा पडला होता आणि परत परत गुंडाळला जात होता. त्यांच्या समोरच्या टेबलावर तो पसरला. एका कोपऱ्यावर चष्म्याचं घर ठेवलं, एकावर भिंगाची डबी, एकावर मुद्रितं, चौथ्यावर माझा हात.

साडूबुवांनी आधी मागचं लिहिलेलं वाचलं. मग पुढचं. मग उठले आणि कपाटातून पट्टी आणि एक जुनी वही घेऊन आले.

"मापाच्या तुलनेसाठी कुठला ठरलेला स्रोत घेतला होतास?"

"नेहमीचाच. सकाळचा. कागदाच्या टोकाला आहे बघा."

त्यांनी लाटांची उंची मोजली. वहीच्या पानावर गुणाकार केला. वही त्याच वर्षाची होती. वरच्या ओळीत त्यांच्या तरुण अक्षरात लिहिलं होतं, की रेडिओ लहरी इतक्या इतक्या असाव्यात, मला वाटते. त्यांनी खाली आजचं उत्तर लिहिलं. दोन्हींत एकोणीस-वीसचा फरक होता.

मेव्हणी चहा ठेवून गेली. दोघांचं काहीतरी हिशेबाचं चाललंय असं वाटून बोलली नाही. माझा हात कागदावर होता, म्हणून मला कप उचलता आला नाही. त्यांनी उचलला नाही.

"त्या बुधवारी सांगितलं असतंस," साडूबुवा शेवटी म्हणाले, "तर तीन महिने रोज बघता आला असता. कधी चढला, कधी उतरला. आता एक दुपार आहे."

"हो."

"मला वाटलं, माझ्या डोळ्यांतच काहीतरी दोष आहे. त्या वर्षी चष्मा बदलला होता. आठवतं?"

"दोनदा," मी म्हटलं. दुसऱ्या वेळी दुकानात मीच बरोबर गेलो होतो. ते समोरची अक्षरं वाचत होते आणि मी चष्मेवाल्याला शनीची गोष्ट सांगत होतो.

"दोनदा," ते म्हणाले.

भांडले असते तर बरं झालं असतं. आम्हा साडवांनी उणीदुणी काढण्यात उभा जन्म घालवला. कुणाच्या लग्नात कुणाला मागची पंगत मिळाली इथपर्यंत. आज खरोखरीचं उणं टेबलावर होतं. त्यांनी सातव्या टिपणावर पेन्सिलीनं फुली मारली आणि कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

"लिही. ऱ्हस्व-दीर्घ तुझं."

मी लिहायला लागलो. त्यांनी ठिकाणाचा पहिला आकडा सांगितला, मी लिहिला. मग म्हणाले, "उणे एकोणतीस."

लिहिलं.

"उलट वाच."

"उणे एकोणतीस."

"परत."

"उणे एकोणतीस."

"परत."

आतून मेव्हणीनं विचारलं, "काय चाललंय हो दोघांचं?"

"पाढे," साडूबुवा म्हणाले. "ह्याचे राहिले होते." आणि मला पुन्हा म्हणाले, "परत." असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. दहाव्या-बाराव्या वेळी माझा आवाज फुटला, तेव्हा त्यांनी पुढचं सांगितलं.

वर्णपट, दोन रेघा, रेडिओ निरीक्षण, तारीख, लाटांची उंची. मग ते थांबले. पेन्सिल हातात फिरवत खिडकीबाहेर बघत राहिले.

"मला वाटते," ते म्हणाले. मी लिहिलं. "मला वाटते, शेवटची तीन-चार वर्षे हा तारा वायू बाहेर टाकत असावा." मी तेही लिहिलं.

"आता निरीक्षक कोण ते लिही. आणि एकतीस वर्षं उशिरा का कळवलं, त्याचं कारण."

कारण मी लिहायला घेतलं. फोनची खरखर, पाटी, पिल्लं, रविवारचं जेवण. बारा ओळी झाल्या. ओघवत्या होत्या, खोटं कशाला बोलू. साडूबुवांनी कागद ओढून घेतला, वाचला आणि एकेक ओळ खोडत खाली आले. शेवटी तीन शब्द ठेवले: "निरीक्षकाने सांगितले नाही."

"एवढंच?" मी विचारलं.

"अजून काही आहे?"

नव्हतं.

निघताना ते फाटकापर्यंत आले. एरवी येत नाहीत, गुडघे दुखतात. मी नळकांडं त्यांच्या हातात दिलं.

"ती उसाशाची गोष्ट आजपासून बंद," मी म्हटलं.

"बंद कशाला? पोरांना आवडते. शेवट बदल."

बदलला तो शेवट हा. आता लग्नात सांगितली की कुणी हसत नाही, आणि कुणाचा विश्वासही बसत नाही. मुलं म्हणतात, पुडीकाका, पहिली होती ती बरी होती.

त्या दिवशी मी फाटकाबाहेर आलो. मी पाऊल उचललं तसे साडूबुवा मागून म्हणाले, "मला वाटतं..."

मी थांबलो. एकतीस वर्षांनी या माणसाला आज दुसऱ्यांदा काहीतरी वाटत होतं.

"मला वाटतं, तू हलकट माणूस आहेस."

"उलट वाचून दाखवू?"

"दाखव."

"मी हलकट माणूस आहे."

"बरोबर," ते म्हणाले, आणि फाटकाला कडी घातली.